विनातिकीट

मे महिन्यात मोट भिजवू नये,
हे समोरच्या झोडेकाकूंनी सांगितलंच होतं.
पहिली पुरचुंडी दुपारपर्यंत आंबली.
दुसरी बुळबुळीत झाली, सोडली तेव्हा
बाबांनी नाक मुरडलं.
फेब्रुवारीपासून त्यांच्या चेहऱ्यावर
तेवढंच मुरडता येत होतं.

फिजिओच्या नखाते मॅडम म्हणाल्या,
बोटांना बारीक काम द्या.
मणी ओवा, बटणं लावा.
मणी भिंतीवर गेले.
एकतीस वर्षं उमरेड-भिवापूर लाइनवर
अंगठा जिभेला लावून तिकिटं फाडलेला माणूस.
मणी ओवणार होय?

तिसऱ्यांदा मी किराणा ओळीतून
पावशेर मोट आणली, बारीक, गावरान.
रात्री भिजवली. सकाळी उपसली.
पंचे सगळे ओले होते,
म्हणून त्यांच्या खाकी शर्टाची बाही कापली,
धुऊन धुऊन मऊ झालेली,
बगलेपाशी अजून डिझेलचा वास असलेली.
(मला विचारायला हवं होतं. नाही विचारलं.)
दोन्ही टोकांना गाठ मारून ती बाही
कूलरच्या तोंडाशी टांगली,
वाळ्यातून गार झालेली हवा जिथे
सगळ्यात आधी घरात शिरते.

बाहेर पंचेचाळीस.
खोलीत वाळा, कच्ची मोट,
आणि गादीखालच्या औषधी तेलाचा वास.
रात्री दोनला लाइन गेली.
मी चाचपडत उठले, तर बाबा जागेच.
डाव्या हातानं खिडकी दाखवली.
आधी तिला पाणी दे,
मग मला.

सकाळी बाही सोडवेना.
मोड खाकीच्या विणीत शिरले होते,
सोडवताना काही तुटले,
आणि प्रत्येक वेळी बाबा
'अं' असा आवाज करायचे,
जसं माझंच काही तुटतंय.
परातीत पसरले.
पांढऱ्या शेपट्या, कुठे टरफलाची टोपी अजून डोक्यावर,
आणि मधूनमधून गणंग,
टणक, तपकिरी, दोन रात्री पाण्यात राहूनही
काही झालंच नाही अशा चेहऱ्याचे.

म्हटलं, हे वेचून काढा. उजव्या हातानं.

पहिला दाणा वाटीत पडेपर्यंत
गल्लीत केळीवाला येऊन गेलासुद्धा.
मी मोबाइल बघत राहिले.
हाताकडे कुणी बघितलेलं त्यांना खपत नाही.
बोट दाण्यावर जायचं, दाणा सरकायचा,
बोट मागे मागे जायचं,
गर्दीत पुढच्या दारानं उतरू पाहणाऱ्या
पोराच्या मागे जावं तसं.

दहा वाजले. माझी ड्यूटी चुकली.
अकराला ते काहीतरी बोलले.
तीन महिन्यांत 'हो', 'नाय' आणि एक शिवी
एवढंच येत होतं त्यांना,
म्हणून मला वाटलं शिवीच असेल.
जवळ गेले.
'फुल... लय.'
मोड आलेल्यांवरून हात फिरवला.
'हाप... नऊ.'
नुसतं तोंड उघडलेले, शेपूट न फुटलेले नऊ
त्यांनी कडेला लावले होते.
मग वाटी पुढे ढकलली.
'इना... तिकीट.'

मी हसले आणि हसताना
कूलरमध्ये पाणी टाकायचंय म्हणत बाहेर गेले.
पाइप बराच वेळ धरून उभी राहिले.
टाकी भरून वाहायला लागली.

परत आले तेव्हा वाटी मांडीवर घेऊन बसले होते.
फेकू का हे, बाबा?
मान हलली. नाही.
'बसू दे.'
इतक्या उन्हात कुठे उतरवायचं त्यांना,
एवढं लांब ते बोलले नाहीत,
मी ऐकलं.

सव्वीस होते. बाहीत परत बांधले.
दुसऱ्या दिवशी दोघांना मोड आले.
चोवीस तसेच.
झोडेकाकू म्हणतात, गणंग तो गणंग.

फुल आणि हाफची उसळ टाकली,
गोडा मसाला नाही, लाल तिखट आणि लसूण.
कढई तापली तेव्हा मागे
वाटीवर चमचा वाजला.
उजव्या हातातला.
एक घंटी म्हणजे थांबा. हे मला लहानपणापासून माहीत.
मी थांबले, तेलाची बुधली हातात.
दुसरी येईना.
मग चमचाच सुटला बोटांतून,
फरशीवर पडून खणाणला.

ती मी दुसरी घंटी धरली,
आणि तेल सोडलं.